बागेतला छोटा दगड

हमद टाउन, शुक्रवार, सप्टेंबर १९९४

इंग्लंडच्या सुट्टीतले फोटो आज धुऊन आले. तिथे पाहिलेल्या जुन्या इंग्रजी हवेलीचे सगळे आईने बाजूला सारले. हवेलीच्या बागेतल्या छोट्या दगडाचा तेवढा देव्हाऱ्याला टेकवून ठेवला. तिथंही त्याच दगडावर तिने फूल वाहिलं होतं. "एवढंसं थडगं, पोरच असणार," म्हणाली होती. आपल्याकडे लहान मुलांना पुरतातच ना. तिला इंग्रजी वाचता येत नाही. दगडावर लिहिलंय, 'रोझी, आमची इमानी कुत्री.' तेव्हाच सांगायला हवं होतं का? आता देव्हाऱ्यापाशी कुत्रीचं थडगं!

सांगणारच होतो. दिवा लावताना तिनेच विचारलं, "नाव काय रे त्या लेकराचं?"

"रोझी."

"आमची सुमीपण एवढीच होती."

माझ्या जन्माआधी गेलेल्या बहिणीचं नाव मला आज कळलं.