गळ्यातली किल्ली आणि कागदाचं घर

च्यायी, तैवान

भावोजींना पेई-रूचा नमस्कार. ओसाकात अजून उकडत असेल, पण पंख्याखाली उघडे झोपू नका. आईंचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. छिंग-यीचे पुढचे दात पडले.

हे गेले आणि घरात माझी सत्ता आली, असं शेजारणींना वाटतं. कसली डोंबलाची सत्ता! चपलांच्या कपाटावर ह्यांचा सर्व्हर अजून घरघरतोय, आणि त्यावर मला काडीचा अधिकार नाही. (दिवसभर ऑफिसातले सर्व्हर राखणारा माणूस, घरी येऊनही पहाराच.) पासवर्डने आत जायची सोय ह्यांनी कधीच बंद केली होती. ज्याची किल्ली, म्हणजे एक गुप्त फाइल, यंत्राच्या ओळखीची, त्यालाच आत प्रवेश. मी एकदा सर्वाधिकार मागितले, तर म्हणाले, "विश्वास आहे गं तुझ्यावर, पण नियम म्हणजे नियम." लग्नाच्या बायकोला! स्वतःची किल्ली एवढ्याशा पेनड्राइव्हमध्ये, आणि तो गळ्यात. आंघोळीलाही काढत नसत. दुसरी प्रत ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण, असं म्हणायचे.

छिंग-यीला झोपवताना सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्याच यंत्रात आहेत, ह्यांच्या आवाजात. दुसरीकडे कुठेही नाहीत. पोरगी रोज विचारते, "बाबांची गोष्ट कधी लावणार?" मी म्हणते, उद्या. ह्यांच्या ऑफिसातल्या ऱ्याओबाई येऊन बघून गेल्या. डिस्कलाही कुलूप आहे म्हणे, यंत्र चालू आहे तोवर आशा, एकदा बंद पडलं की संपलं. आणि हे तर वादळाचे दिवस. दिवा जरा लुकलुकला की मी धावत त्या कपाटापाशी जाते, भावोजी.

तुम्ही म्हणाल, गळ्यातला पेनड्राइव्ह कुठाय? ऐका. विधीच्या दिवशी रीतीप्रमाणे ह्यांना तिकडे वापरायला म्हणून कागदाचं घर जाळलं, कागदाची गाडी, कागदाचा कॉम्प्युटरही. आईंनी हळूच पेनड्राइव्ह त्यात सरकवला. मी कपाळावर हात मारून घेतला, तर माझ्यावरच उखडल्या. "कॉम्प्युटर दिलात, तो उघडायचा कशाने? पोरगं तिकडे ताटकळत बसू दे का?" मी रडले, त्याही रडल्या. मग दोघींनी आपल्या गावचा टर्की-भात मागवला आणि अगदी पोटभर खाल्ला.

असो. बाकी सगळं ठीक आहे. तुमची वहिनी, पेई-रू.

ता. क. तुमचं नि ह्यांचं भांडण झालं त्यानंतर मी विचारलं होतं, भावोजींची किल्ली यंत्रातून काढली का? कुणी नोकरी सोडली की त्याच संध्याकाळी त्याची किल्ली रद्द करणारा हा माणूस! म्हणाले, "ती काढायची नाही. सर्वाधिकारही त्याचे तसेच राहू देत." तुमच्याजवळ तुमची किल्ली आहे ना? टाकली नाहीत ना?

आणखी एक. ती ओसाकातूनही चालते हे मला कळतं, इतकी काही मी अडाणी नाही. पण तिथून उघडू नका. तिथून उघडलंत तर गोष्टी मिळतील, आणि तुमचं येणं राहून जाईल. आई दाराकडे बघत बसतात हो.