ढोलीला झाकण का ठेवलं नाही

तीर्थरूप दाजी,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताच्या एका बोटाला पट्टी आहे, तरी नमस्कार पुरा धरावा.) तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, ताईचा खोकला गेला असेल आणि तुम्ही अजूनही फळ्यांच्या ढिगाला टेकून उभ्यानंच चहा पीत असाल, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी, ही, आणि दोन बजी. (बजी म्हणजे ती चिमणीपेक्षा जराशी मोठी, पोपटाच्या चोचीची रंगीत पाखरं.) दोघांपैकी मादी जरा अडचणीत आहे, पण त्यावर मी सावकाश येतो. घाई नाही. म्हणजे आहे, पण पत्र हे पत्रासारखंच लिहिलं पाहिजे.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. मी नमतं घ्यायला लिहीत नाहीये. तीन महिन्यांपूर्वी तुमच्याकडे सगळी मंडळी जेवायला बसली असताना मी सहज म्हणालो, की बजींसाठी पिंजरा आणि त्यांना अंडी घालायला एक लाकडी ढोली मी घरीच करणार आहे. त्यावर तुम्ही वाटी खाली ठेवून म्हणालात, "टेलरनं लाकडाला हात लावू नये. लाकूड उसवता येत नाही." सगळे हसले. ताई, माझी सख्खी बहीण, तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. वर तुम्ही पाठीवर थाप मारून सांगितलंत, की करायचीच असेल तर ढोलीला वरून बिजागरीचं झाकण ठेव, विसरू नकोस. त्याच क्षणी मी ठरवलं, की काय वाट्टेल ते होवो, झाकण ठेवायचं नाही. मी ताट अर्धं टाकून उठलो हे तुमच्या लक्षातही आलं नसेल, कारण तुम्ही तेव्हा भात मागत होतात.

आता तुम्हाला सुतारकी कळते म्हणून थोडं कामाबद्दल लिहितो. चाळीस वर्षं पँटी शिवलेला माणूस काम करतो तेव्हा पद्धतशीर करतो. मी सगळ्या फळ्यांवर टेलरच्या खडूनं खुणा केल्या. (तुमची ती कानामागची पेन्सिल मला कधीच पटली नाही, रेघ दिसत नाही आणि कान काळा होतो.) टेप लावून मापं घेतली, वहीत उतरवली, आणि सवयीनं प्रत्येक फळीला चारही बाजूंनी दोन-दोन बोटं माया ठेवली. कापडात माया ठेवावीच लागते, गिऱ्हाईक सुटतं, पोट सुटतं, उद्या कपडा ढिला करायला आत कापड हवं. फळी कापून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की फळी आत दुमडता येत नाही. पण मी हात टेकले नाहीत. एका खिडकीत मावेल असा ठरवलेला पिंजरा आता दोन खिडक्या अडवतो, एवढंच. खोलीत उजेड कमी येतो असं ही म्हणते. उजेड पुरेसा येतो, ती वाचायला बसते ती जागा चुकीची आहे.

जाळी मी माझ्या मोठ्या कात्रीनं कापली. होय, त्याच कात्रीनं. जिला मी दुकानात कुणाला कागदसुद्धा लावू दिला नाही, त्या कात्रीनं अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी कापली, आणि ती आता लोणीही कापणार नाही. दुकान सोडलं तेव्हा सुईत दोरा जाईना म्हणून सोडलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा कात्री धारदार ठेवून तिची पूजा करायची होती का? मला ती वापरायची होती, मी वापरली. निरोपाच्या दिवशी समोरच्या पाखरंवाल्यानं ही जोडी हातात ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, घरी नुसतं बसू नका." बाकी सगळ्यांनी, तुमच्यासकट, मला आराम करा असं सांगितलं. आराम ही काय करायची गोष्ट आहे? पाखरंवाला असंही म्हणाला, की एक मडकं टांगा, त्यात अंडी घालतील. म्हणजे टेलरमास्तरच्या घरात येऊन पाखरानं मडक्यात संसार करायचा! मी ढोलीच करायला घेतली.

तर ढोली. एक वीत लांब, पक्की, बासष्ट खिळे. (मोजून सांगतो. तुम्ही आठांत उरकली असतीत आणि ती खिळखिळली असती.) ढोलीला दार म्हणजे एक गोल भोक, ते पाखराच्या मापाचं हवं. मापाच्या बाबतीत मी अंदाजपंचे काम करत नाही, म्हणून हिरव्याला, म्हणजे नराला, मुठीत धरला आणि छातीला टेप लावला. बोटाची पट्टी तेव्हाची. पण माप मिळालं, आणि अगदी तसंच भोक पाडलं, अंगाबरोबर बसणारं, कुठे चुणी नाही. पिवळीचं, म्हणजे मादीचं, माप घेतलं नाही. दाजी, मी आयुष्यभर जेंट्स टेलर होतो. बायकांची मापं मी घेत नसे, हे आपल्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे, आणि तोंडातून निघालेला शब्द मी पाखरासाठी फिरवला नाही. भोकाची कड पाखरांनी कुरतडू नये म्हणून आत पडद्याची एक पितळी कडी बसवली, लोखंडालाही न सोडणारा चिकटा लावून. तुम्ही बघाल तर तोंडात बोट घालाल, इतकं ते फिनिशिंग झालंय.

सोमवारी सकाळी पिवळी ढोलीत शिरली. सडसडीत होती, सुळकन गेली. मग अंडी घातली. आत गेली ती बाहेर आलीच नाही. हिरवा दिवसभर आतबाहेर करायचा आणि तिला चोचीनं भरवायचा. वरच्या मजल्यावर शाळेच्या निवृत्त मोठ्या बाई राहतात, त्या हे बघून इतक्या हेलावल्या की रोज संध्याकाळी दोन-दोन बायकांना घेऊन यायला लागल्या. काय ही माया, म्हणायच्या, आठ दिवस झाले, लेकरांसाठी उंबरठा ओलांडला नाही, आजकालच्या आयांनी हिच्याकडून शिकावं. एका सुनेला तर त्यांनी मुद्दाम समोर उभी करून दाखवलं. (ती सून तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.) मीही, खोटं कशाला बोलू, ढोलीशेजारी खुर्ची टाकून बसायचो आणि ढोली घरी केलीय हे प्रत्येकीला सांगायचो. तुमचं नावही एकदोनदा निघालं. काय निघालं ते लिहीत नाही.

नवव्या दिवशी दुपारी घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पिवळीनं भोकातून डोकं बाहेर काढलं. मग मान. मग खांदे काढायला लागली आणि तिथेच अडकली. पायांनी मागून जोर लावत होती, आतून खरडल्याचा आवाज येत होता. दोन मिनिटं झगडली, मग मागे सरकली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. अंडी घालताना मादीचं अंग भरतं, हे जगात सगळ्यांना माहीत असेल, मला कुणी सांगितलं नव्हतं. दाजी, ती लेकरांसाठी बसलेली नव्हती. तिला बाहेर येताच येत नव्हतं, आणि मी शेजारी खुर्ची टाकून शेखी मिरवत होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कडी उपटायचा प्रयत्न केला, ती हलत नाही. ढोली उघडायची तर बासष्ट खिळे, आणि हातोडीचा पहिला ठोका मारला तशी ती आत अशी ओरडली की मी हातोडी खाली ठेवली. आत चार अंडी आहेत, हिच्या छोट्या आरशानं भोकातून बघितली. काल हिरव्यानंही दिवसभरात दोनदाच भरवलं; तोही बिचारा थकला. आज अकरावा दिवस. ती गुदमरली तर मी काय करू? असो. यातून कुणी असा अर्थ काढू नये की झाकण हवं होतं. झाकण नसणं हा विचार होता, चूक नव्हती. आईच्या खोलीत उठसूट डोकावणं मला मान्य नाही, तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. एवढंच कळवायचं होतं.

ताईला नमस्कार. तुमच्या गुडघ्याला तेल लावत जा.

आपला मेहुणा,
निवृत्त जेंट्स टेलर

ता. क. तुमच्याकडे ती बारीक पात्याची करवत आहे ना, जी चालताना फळी हलत नाही? ती घेऊन या. हातोडी आणू नका. हे बोलावणं पाखराकडून आहे असं समजा, माझ्याकडून नाही. आलात तर झाकणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही आणि हसायचं नाही. हसायचं असेल तर जिन्यात हसून घ्या. पण लवकर या, दाजी. उद्या आलात तर बरं.

ता. क. दुसरा. पाकीट शोधत होतो तेवढ्यात हिनं पत्र उचलून वाचलं. (लग्नापासून वाचते आहे, आता काय बोलायचं.) वाचून ती म्हणते, की तिनं दोन दिवसांपूर्वीच ताईला फोन करून सगळं सांगितलं होतं. तुम्ही तेव्हापासून करवत पिशवीत घालून बसला आहात म्हणे, आणि ताईला सारखं विचारता, त्याचा फोन आला का? न बोलावता गेलो तर त्याला लागेल, म्हणालात. मला लागेल! तीन महिन्यांपूर्वी भरल्या पंगतीत नाही आठवलं ते? ही आत्ता पुन्हा फोन करायला गेली आहे. मी तिला अडवलं नाही, पण सांगितलंही नाही, हे लक्षात असू द्या.

ता. क. तिसरा. तुम्ही मोरीत हात धुताय तेवढ्यात घाईनं लिहितो. सकाळी दहाला दार उघडलं तर तुम्ही. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती, झाकणाबद्दलची तर तीन वेगवेगळी होती, आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तयारी करून बसलेल्या माणसानं अशा वेळी करायचं काय? ढोली पिंजऱ्यातून बाहेर काढून तिला कान लावलात, वरची फळी तीन बाजूंनी कापलीत, आणि आत अंड्यावर अंडं वाजलं नाही. पिवळी बाहेर आली, पडद्याच्या दांडीवर बसली, अकरा दिवसांचं सगळं एका झटक्यात खाली केलं (चादर ही बदलते आहे) आणि पाण्यावर तुटून पडली. मी रडलो. भुसा डोळ्यात गेला असं हिला सांगितलंय, तुम्हीही तेच सांगा. मग तुम्ही खिशातून बिजागरी काढलीत, म्हणजे घरूनच आणली होतीत. कडीसकट पुढची फळी कापून बाजूला ठेवलीत आणि नव्या फळीवर पेन्सिल टेकवून, वर न बघता विचारलंत, "मास्तर, भोक केवढं ठेवू?" दुकान बंद झाल्यापासून मला कुणी माप विचारलेलं नाही. मी दांडीवरच्या पिवळीकडे नीट बघितलं, नजरेनंच माप घेतलं आणि सांगितलं, दोन इंच. तुम्ही मान डोलावलीत आणि सव्वादोन कापलंत. मी बघितलं. पिवळी पाणी पिऊन आपण होऊन आत गेली, अंड्यांवर बसली, परत बाहेर आली, परत आत गेली. हे पत्र तुमच्या पिशवीत, करवतीखाली घालतो आहे. घरी गेल्यावर वाचा, ताईला वाचून दाखवू नका. आणि यापुढे मला माप विचारलंत तर मी सांगेन तेच कापायचं. सव्वादोनच बरोबर होतं, ती गोष्ट वेगळी.