सोमवारची केळी

द्वारका, नाशिक
१२ जुलै २०२४

चि. सौ. सुवर्णा हिस नवसाबाईचे अनेक आशीर्वाद.

काल तुमच्या गावचा बहिरू कोथिंबिरीचा माल मार्केटला उतरवून नेहमीसारखा माझ्याकडे चहाला आला. त्याच्याकडून कळलं की तू डॉक्टरच्या सांगण्यावरून माझ्या भावाचं, तुझ्या सासऱ्याचं, केळं आणि दूध बंद केलं आहेस. चिमाजीबाबाचं तोंड लय उतरलंय, असं तो म्हणाला. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि तुझा नवरा अर्धंच बोलतो, म्हणून लिहिते. बहिरूची गाडी परवा पुन्हा इकडे येईल. त्याच्याजवळ उत्तर दे.

मी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. किती पोरं वजनकाट्याच्या झोळीत टांगली याची गणती नाही. ज्या आयांनी माझं ऐकून पोराला रोज एक केळं आणि पेलाभर दूध दिलं, त्यांची पोरं महिन्या-दोन महिन्यांत अंगाला लागली. दुधाने हाडं भरतात. केळ्याने पोट साफ राहतं, अंगात लगेच ताकद येते. मी स्वतः रोज सकाळी हेच घेते. बहात्तराव्या वर्षी तीन जिने कठड्याला हात न लावता चढते. कुणाला पटत नसेल तर येऊन बघावं.

चिमाजी चार वर्षांचा असताना आमची आई गेली. त्याच साली त्याला गोवर आला. अंगात काही उरलं नव्हतं. मी अकरा वर्षांची होते. केळं कुस्करून, दुधात कालवून मी त्याला दोन महिने चमच्याने भरवलं. त्या शिकरणावर तो उठला. आज पासष्टाव्या वर्षी त्याच्या ताटातून तेच उचललं जातं आणि मला कुणी विचारतही नाही.

हा डॉक्टर कोण? त्याचं वय काय? त्याने कधी मरायला टेकलेलं पोर मांडीवर घेतलं आहे का?

तुझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. तुला आजवर वावगा शब्द बोलले नाही. हाही बोलले असं समजू नकोस. पण उत्तर दे.

नवसाबाई


सायखेडा
१४ जुलै २०२४

ती. आत्याबाईंना सुवर्णाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. डॉक्टर बाई आहेत आणि त्या चाळिशीच्या असतील. मांडीवर पोर घेतलं की नाही ते मी विचारलं नाही.

दादांची मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करतात. हे आम्हाला मे महिन्यात कळलं. तुम्हाला काळजी नको म्हणून दादांनीच सांगू दिलं नाही. केळ्यात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. तुमचं माझं शरीर तो लघवीवाटे टाकून देतं. दादांचं टाकू शकत नाही. तो रक्तात साठला तर हृदय बंद पडू शकतं. दुधाचंही तसंच आहे, म्हणून चहापुरतं ठेवलं आहे. बटाटा मी दोनदा पाणी बदलून शिजवते. डाळ मोजून देते. रिपोर्टची झेरॉक्स जोडली आहे.

त्यांना मोह नको म्हणून घरात केळं आणणंच बंद केलं आहे. वेदिका नऊ वर्षांची आहे. तिला शाळेच्या डब्यात केळं आवडतं. तिनेही ते सोडलं. तुम्ही लिहिता ताटातून उचललं. आत्याबाई, मी म्हाताऱ्या माणसाचा घास काढणारी बाई असते तर अकरा वर्षांत तुम्हाला कळलं असतं. तुमचं केळं-दूध तुम्हाला मानवतं, त्यात मला आनंदच आहे. दादांना मानवत नाही. यात तुमचा अपमान कुठे आला, ते मला कळत नाही.

राग ठेवू नये. ठेवलात तरी औषधाच्या गोष्टीत ठेवू नये.

सुवर्णा


द्वारका, नाशिक
६ ऑगस्ट २०२४

चि. चिमाजीस अक्काचे आशीर्वाद.

काल श्रावणातला पहिला सोमवार. कपालेश्वराला सहा केळी वाहिली. ती पाठवते. तुझ्या सुनेने मला आकड्यांचा कागद पाठवला आहे. एकतीस वर्षं मी असले कागद भरून वर पाठवले. कागदाला काय कळतं ते मला माहीत आहे.

देवापुढून आलेलं बाधत नाही. रोज एक खा. दूध तूच काढतोस, तेव्हा ते कुणाला मागायला नको. बहिरूला बजावलं आहे, मळ्यात तुझ्याच हातात द्यायची, घरी न्यायची नाहीत. दर सोमवारी वाहीन आणि मंगळवारी पाठवीन.

प्रसाद आहे. सगळी खा.

अक्का


सायखेडा
३१ ऑगस्ट २०२४

ती. आत्याबाईंना नमस्कार.

बुधवारी सकाळी दादा मळ्यात पाणी द्यायला गेले आणि वाफ्यातच बसले. पायांत जीव नाही म्हणाले. यांनी उचलून गाडीत घातलं. निफाडला दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी लागत होती आणि मध्येच लागत नव्हती. पोटॅशियम पाचाच्या आत हवं, ते साडेसहाच्या वर गेलं होतं. अजून एक दिवस गेला असता तर हे पत्र वेगळं असतं. काल घरी आणलं. वाचले आहेत.

तिथल्या डॉक्टरांनी चार माणसांसमोर मला विचारलं की तुम्ही पथ्य पाळता की नाही. मी वेदिकाची शपथ घेऊन सांगितलं की पाळतो. त्यांना ते खोटं वाटलं. मला दिसत होतं.

महिनाभर म्हैस रोज पेलाभर दूध कमी देत होती. मी म्हशीला दोष दिला. तिची पेंड बदलली. काल विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खताची गोणी उचलली तर मागे केळ्यांची सालं. वाळलेली, काळी पडलेली, महिन्याभराची. शेजारी स्टीलचा डबा आणि चमचा. बहिरूला बोलावलं. तो म्हणाला, आत्यानं देवाचं म्हणून दिलं, तं नाय कसं म्हणू.

देवाला मध्ये घातलंत म्हणून ते औषध होत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. दुसऱ्यांच्या पोरांचे कागद तुम्ही वाचायचात आणि त्यांच्या आयांना रागवायचात. आपल्या भावाचा कागद वाचला नाहीत.

तुम्ही मला विचारलं होतं की डॉक्टर कोण. आता मी विचारते. पहाटे त्यांची सूज बघायला मी उठते, गोळ्या मी मोजते, दवाखान्यात मान खाली मी घातली. तुम्ही कोण?

हे लिहिलं त्याबद्दल माफी मागत नाही. वयाला नमस्कार करते.

सुवर्णा


द्वारका, नाशिक
२ सप्टेंबर २०२४

चि. चिमाजीस आशीर्वाद.

सुवर्णाचं पत्र आलं. आज शेवटचा श्रावणी सोमवार होता. मी देवळात गेले नाही.

मला एकच सांग. केळं खाल्ल्याने तुझ्या जिवाला धोका आहे हे तुला स्वतःला माहीत होतं का? की सुवर्णाने तुला नुसतं पथ्य सांगितलं आणि कारण सांगितलं नाही? मला दुसरं खरं असावं असं वाटतं आहे. पण खरं असेल तेच लिही.

अक्का


सायखेडा
४ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास चिमाचा दंडवत.

माहीत होतं.

डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं. काका, केळं म्हणजे तुम्हाला विष, असं त्या म्हणाल्या. सुवर्णाने घरी पुन्हा सांगितलं. तिची काही चूक नाही.

पहिली पिशवी आली तेव्हा बहिरूला परत ने म्हणणार होतो. तो म्हणाला, आत्या वाट बघत असंल, काय सांगू. मी पिशवी ठेवून घेतली. तू तीन जिने उतरून, रिक्षा करून, रांगेत उभी राहून ती वाहिली असणार. नको म्हणावं तर तू आजवर जे दिलंस ते चुकीचं होतं, असं म्हटल्यासारखं झालं असतं. मग खाल्लं. नुसतं नाही, शिकरण करून खाल्लं. दुसऱ्या आठवड्यात पाय जड वाटायला लागले. तरी खाल्लं. एवढ्या वर्षांत तुला कधी नाही म्हटलं नाही, आता पासष्टाव्या वर्षी कसं म्हणायचं.

तुझ्यावर माझा काही बोल नाही. आता बरा आहे. तू जिवाला लावून घेऊ नको.

तुझा
चिमा


द्वारका, नाशिक
७ सप्टेंबर २०२४

चि. चिमाजीस,

आशीर्वाद आहेत, ते वेगळे लिहीत नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग माझा मला आला. अंगणवाडीत वजन केल्याशिवाय मी एकाही पोराला पोषणाचा सल्ला दिला नाही. कुणाला जुलाब आहेत, कुणाला कावीळ, आधी विचारायचे, मग सांगायचे. तुला विचारलं नाही. तुला काय चालतं हे तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं, असं मी साठ वर्षं धरून चालले. हा राग मी माझ्यापाशी ठेवते. तो कुणी काढू नये.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी राग तुझा आला, आणि तो जात नाही. तू माझं मन राखायला मरायला निघाला होतास. असा मान मी तुझ्याकडे कधी मागितला? तू गेला असतास तर लोक म्हणाले असते, बहिणीवर फार जीव होता. आणि मी? मी या तिसऱ्या मजल्यावर माझ्या हातांकडे बघत बसले असते. तुझ्या चांगुलपणात मला जागा कुठे होती, सांग. तू सुनेला चार माणसांत खोटं पाडलंस. बहिरूला चोरटा केलंस. आणि मला लिहितोस, जिवाला लावून घेऊ नको.

आणखी एक आठवलं, तेही लिहिते. चार वर्षांचा असताना तू चमचा ढकलायचास. दात घट्ट मिटायचास, थुंकायचास. मी चापट मारायचे आणि नाक दाबून भरवायचे. तुला नको म्हणता येत होतं, चिमा. ते मी मोडलं. तेव्हा मोडायलाच हवं होतं, नाहीतर तू वाचला नसतास. पण नंतर ते परत द्यायचं राहिलं.

म्हणून आता मला एक हवं आहे. तू मला नको म्हण. तुझ्या हाताने, लिहून. कारणं देऊ नकोस, माफी मागू नकोस, माझ्या कष्टांचं काही लिहू नकोस. सुवर्णाने सांगून लिहिलेलं असलं तर मी ओळखीन. ते येईपर्यंत मी सायखेड्याला पाऊल ठेवणार नाही आणि बहिरूच्या हाती चिठ्ठी देणार नाही.

सुवर्णाला सांग, तिने विचारलेला प्रश्न बरोबर होता. उत्तर मी तिच्यासमोर येऊन देईन, पत्रात देणार नाही. आणि तिला हेही सांग की घरातून केळं हद्दपार करायची गरज नाही. वेदिका वाढत्या वयाची पोर आहे. तिला रोज एक केळं आणि पेलाभर दूध मिळालंच पाहिजे, त्यावरचा माझा शब्द मी मागे घेत नाही. तिने तुझ्यासमोर बसून खावं. तू बघत बसायला शीक.

अक्का


सायखेडा
१६ सप्टेंबर २०२४
(पोस्टकार्ड)

ती. अक्कास दंडवत.

केळी पाठवू नकोस. मला नकोत.

शिकरण मला कधीच आवडलं नव्हतं.

आता ये.

चिमा