डावखुऱ्या आर्नोची फळी

मी, थेक्ला विगांड, कै. कोनराड यांची पत्नी, धंदा लाकूड कोरून चित्रे छापणे, राहणार हाल्बरश्टाट, हे स्वखुशीने लिहिते. वय झाले, पण डोके ठिकाणावर आहे.

घर मुलगी इर्मगार्ड हिचे. छिन्न्या चित्रशाळेला द्याव्यात. धारेचा दगड मात्र घरीच ठेवावा, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या नेहमी बोथट असतात.

आता नाशपातीच्या लाकडाच्या फळीविषयी. माझा मुलगा आर्नो चौदा साली फ्लँडर्सच्या लढाईत गेला. सामानातून त्याचा चमचा परत आला. मी त्याला त्या फळीवर सूप पिताना कोरला, डोळ्यांपुढे दिसला तसा, चमचा डाव्या हातात. फळीवरचे कागदावर उलटे उमटते, हे मी जन्मभर इतरांना शिकवले. त्या दिवशी स्वतःच विसरले. छापात तो उजव्या हाताने जेवतो आहे.

शाळेत त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारणारे लांपे मास्तर प्रदर्शनात म्हणाले, "शेवटी पोरगा सुधारला म्हणायचा, बाई." मास्तरांना त्या छापाची एक प्रत द्यावी. उजव्या हाताचा आर्नो त्यांचाच.

इर्मगार्ड म्हणाली होती, "आई, दुसरी फळी घे, उलटा कोर."

"त्याच्यावर पुन्हा छिन्नी चालवू?" मी म्हटले.

चित्रांचे व्यापारी येसेन यांचे म्हणणे, "प्रती काढून झाल्या, आता फळीवर आडवा चरा मारा. पुढे कोणी छापायला नको. रीतच आहे."

"चरा त्याच्या तोंडावरून जाईल."

"लाकडाचं तोंड ते, बाई."

माझ्या पश्चात ते छिन्नी घेऊन येतील. त्यांना कॉफी द्यावी, फळी देऊ नये. तिला चरा पडू नये आणि शाईही लागू नये. तो डावखुरा आता फक्त त्या लाकडात आहे.

हल्ली दुपारी डोळा लागला की स्वयंपाकघर कोऱ्या कागदासारखे पांढरे होते. भिंती नसतात, टेबल तेवढे असते. तो बाकावर बसलेला असतो, सूप निवत नाही. म्हणतो, "आई, हिला सांग ना, कोपर आवर म्हणावं." इर्मगार्ड म्हणते, "तूच आवर, डावऱ्या." मी दोघांना वाढत राहते.

म्हणून फळी टेबलाच्या डाव्या टोकाला, खिडकीशी टांगावी. ती त्याची जागा. तिथे कोपर कोणाला लागत नाही.

वाचून, समजून सही केली. थेक्ला विगांड

आमच्यादेखत:
ओटिलिए क्रुम्बाइन, शेजारीण
विलिबाल्ड रेस, सुतार

हाल्बरश्टाट, ९ मार्च १९३१