चिरेखाणीतली सतरंजी

२ मे, शनिवार

सान्वीचे कॅम्पचे बूट. डब्यावर बावीसशे. खरी किंमत वेगळी. अर्धा शनिवार गेला, खारी गावाहून ओट्याची लादी बघायला आलेली पार्टी मी दुकानात नाही म्हणून परत गेली, आणि भाव करायला तोंड उघडलं तर मुलीनं दंड धरला — "पप्पा, प्लीज. इथे नका." इथे नका म्हणजे? ज्या तोंडानं आयुष्यभर भाव केला त्याच तोंडानं तुला शिकवलं ना! हे मनातल्या मनात. हसलो. दुकानदारही हसला. एक रुपया कमी केला नाही.

भूगर्भशास्त्र घेतलंय तिनं. पहिलं वर्ष. नव्या पोरांचा उन्हाळी कॅम्प, पंचवीस जण — आणि कुठे, तर आमच्याच गावाला, जांभ्याच्या खाणी बघायला! जिथे माझ्या बाबांनी चिरे काढून पाठ मोडून घेतली, तिथे ही पोरं वह्या घेऊन जाणार. त्यांच्या सुचेता मॅडमना मीच फोन लावला. शाळेचा हॉल, पाण्याचा टँकर, आंबे, सगळं मी माझ्याकडे घेतलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीही या दोन दिवस. धंद्यातलं सांगा मुलांना."

सांगणारच. बावीस वर्षं गोडदेवला ग्रॅनाइट विकतोय. लादी उभी करायची, किल्लीनं टकटक करायची. खणखणीत वाजली तर धड, बद्द वाजली तर आत तडा. गिऱ्हाइक डोळ्यांनी बघतं, मी कानानं. बावीस वर्षांत हा कान एकदाही चुकलेला नाही. लिहूनच ठेवतो.

बायको सुलू म्हणाली, "नवी सतरंजी नेऊ नका, विसरून याल." तीच घेतली.

७ मे, गुरुवार. गावी.

भाषण झालं. दोन तुकडे नेले होते, एक धड, एक तडकलेला. डोळे मिटायला लावले आणि वाजवून दाखवले. टाळ्या! मग एकानं विचारलं, "काका, हा काळा म्हणजे ग्रॅनाइट?" मॅडम पटकन म्हणाल्या, "बाजारात ग्रॅनाइट म्हणतात. शास्त्रात हा गॅब्रो." पोरं हसली. मीही हसलो, म्हटलं, "मॅडम, गॅब्रो म्हणून विकला तर कोणी घेणार नाही!" अजून हसली.

सान्वी नव्या बुटांकडे बघत बसली होती.

८ मे, शुक्रवार

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

दुपारी बाबांच्या वेळच्या बंद खाणीत होतो. ऊन असं की बूट घालूनसुद्धा पोरं पाय उचलून चालत होती. खाणीच्या एका अंगाला उभा कडा, माथ्याशी जरा पुढे आलेला. खाली गार सावली. जेवायची वेळ. सान्वीच्या हातातली हातोडी मी घेतली, कड्यावर तीन ठिकाणी वाजवली, कान लावला. आवाज धड होता. आत्ताही सांगतो, धड होता! सतरंजी पसरली. "बसा रे, जेवा!" दहाबारा जण बसले.

सान्वी मध्येच वरच्या अंगाला चढून गेली होती. तिथून धावत खाली. "उठा सगळे! बाहेर या आधी!"

म्हटलं, "काय झालं गं?"

"मागे फट आहे. कोपरापर्यंत हात गेला माझा. आत मुळं घुसलीयेत."

"मी वाजवून बघितलंय, बाळा."

"पप्पा, ही तुमच्या दुकानातली लादी नाहीये! तुम्ही नका ना कोणाला काही सांगू."

पंचवीस माणसांसमोर. माझ्या गावात. माझ्या बापाच्या खाणीत.

मॅडमनी वर मान करून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "चला, बाहेर." पोरं डबे उचलून उन्हात गेली. जाता जाता एक जण दुसऱ्याला — "अंकलने बजाके देखा था ना!" हळूच बोलला. मला हळू बोललेलंच आधी ऐकू येतं.

मी नाही उठलो. मॅडमनी दोनदा हाक मारली, सान्वीनं तीनदा. एकटा सतरंजीवर बसून दोन भाकऱ्या, सुकटीची चटणी, अख्खा आंबा, सावकाश खाल्लं. सगळ्यांना दिसेल असं. मग उठून गाडीत बसलो आणि कोणाला न सांगता निघालो.

१० मे, रविवार

सुलू — "सतरंजी?"
"राहिली."
"मी सांगितलं होतं."
या घरात सगळ्यांनी सगळं आधीच सांगितलेलं असतं.

१२ मे, मंगळवार

शेजारचे सॅनिटरीवाले ईश्वरभाई चहाला आले. त्यांना सगळं सांगितलं. मांडी थोपटून म्हणाले, "अरे भाई, बेटी को कॉमर्स में डाल दो. दुकान संभालेगी. पत्थर बेचने के हैं, पढने के थोडी!" दहा दिवसांपूर्वी असं कोणी बोललं असतं तर चहा दिला नसता. आज दुसरा मागवला.

कॉमर्सचा फॉर्म आणला. शेवटची तारीख वीस.

१३ मे, बुधवार

सान्वी आली. काळवंडलीय. बुटांचा तळ झिजलाय. फॉर्म टेबलावर ठेवला, म्हटलं, "भर. दगडाचं झालं तेवढं पुरे." रडेल वाटलं. रडली नाही. फॉर्म पूर्ण वाचला, घडी घातली.

"मी वर जाऊन बघितलं होतं, पप्पा. तुम्ही वर आलाच नाहीत."

आत गेली. तेव्हापासून जेवायला बोलवायचं तरी सुलूच्या तोंडून.

१५ मे, शुक्रवार

सुलूची भुणभुण थांबेना म्हणून गावी गोदूआत्याला फोन केला, कोणाला तरी पाठवून सतरंजी उचलून ठेव. ऐंशीची बाई, अंगावरच आली — "त्या कड्याखाली मी कुनाला धाडनार न्हाय! तुजा बापूस कंदी खानीत जेवला न्हाय. भाकरी घेऊन वर आंब्याखाली यायचा. उनातान्हात."

म्हटलं, "आत्या, ते मुकादमाची कटकट नको म्हणून."

"मुकादमबी तितंच जेवायचा, मेल्या."

म्हातारीला काय आठवणार! फोन ठेवला.

१८ मे, सोमवार

सान्वीनं फॉर्म भरून टेबलावर ठेवलाय. अक्षर सुंदर. फक्त माझी सही राहिलीय. उद्या करतो.

१९ मे, मंगळवार

सकाळी आत्याचा फोन. काल दुपारी जेवायच्या वेळेला तो कडा खाली आला. पाऊस नाही, वारा नाही. खाली कोणी नव्हतं. सतरंजी काढायची तर जेसीबी लागेल, म्हणाली.