कंदुरीतली भाजीची पंगत

उदगीर, १३ जानेवारी २०२५

चि. दयानंदास सिंधुअक्काचे आशीर्वाद.

बोकडाला दावं बांधत होते, तेवढ्यात पोस्टमन आला. एका हातात दावं, एका हातात तुझं पत्र. दावं सुटलं, बोकड हरभऱ्यात शिरला, मी वाचतच राहिले.

तुझ्या छातीत ती जाळी बसवत होते तेव्हा मी पिराला बोलले होते, माझा भाऊ चालत घरी आला तर कंदुरी करीन, बोकड कापून गाव जेवू घालीन. दर्ग्याचे मुजावर दस्तगीरभाईंनी सहा फेब्रुवारीचा गुरुवार धरून दिलाय. आणि तू लिहितोस, डॉक्टरांनी मटण बंद केलं. ज्याच्या जिवासाठी बोकड, त्यानेच भाजी खायची? नवसाचा पहिला घास तुझा. तो चुकला आणि तुला काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?

फोन करू नकोस, कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. तुझ्या बायकोला, आरतीला सांग, एका घासाने माणूस मरत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

अक्का

नांदेड, १८ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न.

बोकड सापडला असेल. हरभरा किती उरला ते कळव.

पहिला महिना मी वडे, शेव आणि तुपातला शिरा खाल्ला आणि शाकाहारी झालो म्हणून ऐटीत दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, तळलेलं खायचं तर माझ्याकडे कशाला येता. तेव्हापासून आरतीचं राज्य. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, दुधी, अंबाडी, जवसाची चटणी. मटणात मिळायचं ते एक जीवनसत्त्व भाजीत नसतं, त्याची गोळी वेगळी. गेल्या आठवड्यात रक्त तपासलं. चरबी बरीच उतरली, वजनही. रक्तदाबाची एक गोळी सुटली. पोट हलकं राहतं. जेवल्यावर बसल्या जागी डुलकी लागायची, तीही गेली.

तरी बाजारातल्या खाटकाच्या दुकानापुढे पाय हळू पडतात, हे तुलाच सांगतो.

म्हणून येणार नाही. आई गेली तेव्हापासून तू वाढलेलं ताट मी कधी परत केलं नाही. तू ‘खा रे’ म्हणालीस की मी खाणार, आणि एका घासावर थांबणार नाही. डॉक्टरांना नाही म्हणता येतं. तुला येत नाही.

रागावलीस तरी चालेल, अबोला नको.

तुझा दया

उदगीर, २४ जानेवारी

चि. दयास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन वेळा जेवले नाही. मग दस्तगीरभाईंकडे गेले, भाऊ नसताना कंदुरी चालते का विचारायला.

त्यांनी ओट्यावर बसलेल्यांना चहाच्या नावाने आत पाठवलं, दार लोटलं आणि हसायला लागले. म्हणाले, सिंधुबाई, कुणाला बोलू नका, माझंही मटण बंद आहे. घरी वर्षभर भाजीभाकरीच. कंदुरीत बसले की बोट्या भाकरीखाली सरकवतात आणि उठताना कुत्र्याला घालतात. भाजी खाणाऱ्या मुजावराला कोण बोलावील, ही धास्ती. पिराने लोकांना जेवू घाला म्हटलंय, अमुकच गिळा म्हटलेलं नाही, असंही म्हणाले. पहिला घास गूळ-चपातीच्या मलिद्याचाही चालतो. तुमच्या भावाला आणा, माझ्या शेजारी बसवा. एकटा भाजी खातो तो आजारी, दोघं खातात ती पंगत.

हे पिराचं बोलताय का स्वतःच्या सोयीचं, असं मी विचारलं. दोन्ही, म्हणाले.

माझी भीती गेलेली नाही, दया. पण भाऊच आला नाही तर नवस फेडून करू काय? ये. मी ‘खा रे’ म्हणणार नाही. तोंडाला पदर लावून वाढीन.

अक्का

नांदेड, २९ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न.

येतो. मीठ हात राखून घाल. अंबाडीतला लसूण कमी करू नकोस, तो अजून कुणी बंद केलेला नाही. मुजावरांना सांग, जागा धरून ठेवा.

दया

उदगीर, ७ फेब्रुवारी

सौ. आरतीस आशीर्वाद.

काल कंदुरी पार पडली. दया सगळं सांगायचा नाही, म्हणून मीच लिहिते.

दयाने मलिद्याची चिमूट तोंडात टाकली आणि कोपऱ्यात बसला. मी कच्च्या पाल्याचा घोळाणा, अंबाडी, वरण वाढलं. आमच्या घरात पाहुण्या भावाला भाजी वाढणं म्हणजे त्याला ऊठ म्हणणं. शेजारच्या केवळाबाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, भावाने माळ घातली का गं. पंगत हसली. तेवढ्यात दस्तगीरभाई आपलं ताट घेऊन दयाशेजारी बसले आणि माझ्याकडे अंबाडी मागितली. हसू जागच्या जागी थांबलं. मुजावराकडे सगळे बघतच राहिले. ते मान खाली घालून भाकरी मोडत होते, कान लाल झालेले.

मग आमच्या भावकीतला नरसिंग उठला. त्याला साखरेचा आजार आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तो कोपऱ्यात आला. मागून आणखी काही जण आले, कुणी गोळ्यांचं सांगत, कुणी काहीच न सांगता. अंबाडी संपली. मटण उरलं. वरण वाढताना सवयीने मी ‘खा रे’ म्हणाले. दयाने ताट पुढे केलं.

आज सकाळी त्याला नांदेडच्या बसमध्ये बसवून दिलं. घरी येऊन उरलेला रस्सा गरम केला, केवळाबाईकडे नेऊन दिला. मी पिठलं टाकलं आणि जेवले.

तुम्हा दोघांची,

अक्का