योपच्या रिव्हॉल्व्हरची वाजवी किंमत

२३ सप्टें., मंगळवार
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेजारच्या योपला मागे कधीतरी कुंपणावरून सांगितलं होतं की ऑफिसात मी किमती ठरवणारं सॉफ्टवेअर सांभाळते. आज म्हातारा टॉवेलात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन दारात उभा. त्याच्या पणजोबांचं. "तू किमती ठरवतेस ना? मग याची सांग." अरे बाबा, मी सुपरमार्केटातल्या टोमॅटोच्या आणि चीजच्या ठरवते.
आई घाबरून सोफ्यामागे. इतकं जुनं आहे की परवाना लागत नाही, पोलिसांना दाखवून झालंय, असं समजावल्यावर चष्मा लावून जवळ आली. पुण्याहून आल्यापासून उइटहॉर्न या डच गावातलं काहीतरी पहिल्यांदाच तिला आवडलं. ती त्याला योपराव म्हणते, अहो-जाहो करते. मी इथल्यासारखं नुसतं योप.

२५ सप्टें., गुरुवार
विकायचं का, ते आज कळलं. त्याची बायको आनेके जाऊन वीस वर्षं झाली. इथे कबरीची जागा मुदतीवर असते. ऑक्टोबरअखेर मुदत संपतेय. पुढच्या दहा वर्षांचे पैसे, साधारण पंधराशे युरो, भरले नाहीत तर जागा मोकळी करतात. मूलबाळ नाही, पेन्शन बेताची. आम्ही थोडे देऊ का असं मी विचारलं, तर त्याने चेहरा असा केला की परत विषय काढायचा नाही.
आईला सांगितलं. म्हणाली, मेल्यावरसुद्धा भाडं?
घेणारा ठरलेला आहे. हेंक, योपचा चाळीस वर्षांचा मित्र, जुनी हत्यारं जमवतो. पण हेंक दयेपोटी जास्त देईल, ते योपला नको. कमीही नको. वाजवी हवी, आणि ती मी सांगायची. नसती उठाठेव.

२८ सप्टें., रवि.
दिवसभर लिलावांच्या साइट्स. शिकले ते असं की विकणारा काय मागतो ते बघायचंच नाही, शेवटी कितीला गेलं ते बघायचं. (टोमॅटोचंही तेच.) नळीवरचा नंबर आणि आतल्या भागांवरचा नंबर एकच, म्हणजे काही बदललेलं नाही. लाकडी मूठ मूळचीच. उजेडात फोटो काढून लिलावाच्या एका तज्ज्ञाला पाठवले. संध्याकाळी उत्तर: पंधराशे ते सोळाशे, कारण वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर जसाच्या तसा आहे. शेवटी एक ओळ, कृपया पुसू नका. असं कोण पुसेल म्हणत मेल बंद केली.
योपला पंधराशे सांगितले. माझा हात धरून बसला. मला फार बरं वाटलं, इथे आल्यापासून एवढं उपयोगी कुणाच्या पडले नव्हते.
शनिवारी हेंक आमच्याकडेच येणार. तोवर रिव्हॉल्व्हर आमच्या कपाटात.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
ट्रॅमने सहाला घरी. आईने हत्यारांची पूजा मांडलेली. विळी नाही म्हणून सुरी, माझ्या नवऱ्याचं, संदीपचं ड्रिल, सायकलचा पंप, माझा जुना लॅपटॉप. मधोमध रिव्हॉल्व्हर. हळदकुंकू, वर शेवंतीचं फूल.
लख्ख. आरशासारखं.
चिंच-मीठ, मग तारेची घासणी, मग खोबरेल. आईची नखं काळी झालेली. "गंजलं होतं गं सगळं. दुसऱ्याच्या घरी जाणारं शस्त्र असं कसं पाठवायचं?"
ओरडायला तोंड उघडलं. ती इतकी खुशीत होती. आरतीला उभी राहिले आणि रडू आलं. तिला वाटलं बाबांची आठवण झाली. वाटू दिलं.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
तज्ज्ञाला नवे फोटो. उत्तर: सहाशे, तेही कुणी घेतलं तर. थर परत आणता येतो का? नाही. रंग चढवून जुनं दाखवणं म्हणजे फसवणूक, हेही त्याने सांगितलं, जणू मी तेच विचारत होते. (विचारत होते.)
योपकडे गेले, सांगायलाच. आईने कुठल्यातरी झाडाची पानं सोनं म्हणून दिली होती, ती दिली. आईने रिव्हॉल्व्हर घासलंय म्हटलं. तो हसला, छान, आनेकेसुद्धा घरातलं सगळं घासायची. त्याला त्यातलं काही कळत नाही. किंमत पडल्याचं मी सांगितलंच नाही. घरी आले.
संदीप म्हणतो, नऊशेचा फरक हेंकला गुपचूप देऊन टाकू. याला सगळं सोपं वाटतं. म्हणजे आमचेच पैसे योपला, हेंकच्या हाताने. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शनिवार येऊच नये.

४ ऑक्टो., शनि.
हेंक आला. भिंग काढलं, नळी खिडकीकडे धरली. आई चहा आणि नारळाच्या वड्या ठेवून तिथेच उभी राहिली, कौतुक ऐकायला. हेंकने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं. भिंग खिशात घातलं, नोटांचं पाकीट टेबलावर ठेवलं. म्हणाला, पंधराशे, ठरल्याप्रमाणे.
सुटले असं वाटलं. लगेच स्वतःची लाज वाटली.
पण योपने पाकिटाला हात लावला नाही. माझ्याकडे वळला. "हेंकचं मी धरत नाही, तो मित्र आहे. तू सांग. आज, या टेबलावर, हे पंधराशेचं आहे?"
हेंक खिडकीबाहेर बघत बसला. हो म्हटलं तर आनेकेची जागा राहते, आणि जन्मात कुणाचं फुकट न घेतलेला माणूस नकळत भीक घेतो. नाही म्हटलं तर खरं बोलल्याचं पुण्य मला आणि कबर मोकळी. शिवाय का नाही, तेही सांगावं लागणार, आईसमोर.
म्हटलं, उद्या सकाळी सांगते. योप म्हणाला, एका रात्रीत किंमत बदलते का? रागाने नाही, खरंच विचारत होता.
दोघं गेले. पाकीट हेंकने नेलं नाही, योपने उचललं नाही.
आईने विचारलं, योपराव असे गंभीर का झाले? किंमत कमी पडली का त्यांना?
मी म्हटलं, नाही गं, जास्त पडली.
मग चांगलंच झालं की, म्हणाली, आणि कपबशा उचलायला लागली.